नाटकवाला आणि माग

(रेल्वे व डाक कर्मचाऱ्यांच्या म्हैसूर येथील अभ्यासवर्गात मराठी प्रतिनिधींसमोर केलेले भाषण)



तीन दिवस आपण या म्हैसुरात बसून पेन्शन, कंत्राटीकरण, रिक्त जागा आणि बदल्यांचे धोरण यांवर बोललो. उद्या सुट्टीचा दिवस. उद्या तुम्ही राजवाडा पाहाल, चामुंडी टेकडी चढाल, चंदनाचा साबण आणि शक्य झाल्यास घरच्या मंडळींसाठी म्हैसूर सिल्क घ्याल. रेल्वेवाले १९७९ साली सुरू झालेले इथले रेल्वे संग्रहालय पाहिल्याशिवाय जाणार नाहीत. अशोकपुरमच्या कारखान्यातले, म्हणजे वर्कशॉपमधले आपले सहकारी तुम्हाला चहाला बोलावतीलच. तो कारखाना १९२४ चा. त्याच्या भोवतालची वस्ती मुख्यतः दलितांची. तिचे जुने नाव आदिकर्नाटकपुर.

मला दिलेला विषय 'कलावंत आणि कामगार चळवळ' असा आहे. वेळ दिली आहे संध्याकाळची, जेवणाआधीची. याबद्दल तक्रार नाही. आपल्या सगळ्या अधिवेशनांत सांस्कृतिक विषयाला हीच वेळ मिळते. सकाळी ठराव, दुपारी चर्चा आणि संध्याकाळी 'सांस्कृतिक कार्यक्रम'. त्यात कोणीतरी गाणे म्हणतो, कोणीतरी नक्कल करतो, निम्मा हॉल बाहेर पान खात असतो. कलावंत आपल्याकडे पाहुणा झाला आहे. तो येतो, हार घालून घेतो, जातो.

नेहमी असे नव्हते. महाराष्ट्रातून आलेल्यांना हे सांगायला नको, तरी दोन वाक्ये बोलतो. १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर. अण्णाभाऊ वाटेगावहून पायी मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले. अमर शेख बार्शीचे, तेही अंगमेहनतीच्या कामांतून वर आलेले. ही माणसे गिरणगावात कार्यक्रम करायला जात नव्हती, तिथेच राहत होती. सरकारने त्यांच्या तमाशांवर बंदी घातली तेव्हा अण्णाभाऊंनी त्यालाच लोकनाट्य म्हटले आणि फड पुन्हा उभा केला. बंदी घालावीशी वाटावी इतकी धार त्या कलेत होती. आज आपल्या सांस्कृतिक कार्यक्रमावर कोणी बंदी घालील काय? घालणार नाही. कारण नसले तरी चालते अशा गोष्टीवर कोण बंदी घालतो!

आता म्हैसुरात आलो आहोत तर म्हैसूरचीच गोष्ट सांगतो. एका नाटकवाल्याची. त्याचे सगळे मला पटलेले नाही, हेही आधीच सांगून टाकतो. पण गेल्या पन्नास वर्षांत आपल्या शेजारच्या राज्यात एका कलावंताने चळवळीशी जे नाते जोडले, ते पाहून आपण आपल्या संघटनेला काही प्रश्न विचारावेत असे मला वाटते. या माणसाचे नाव प्रसन्ना. कर्नाटकात ते एवढ्या एकाच नावाने ओळखले जातात.

गोष्ट कळायला थोडे मागे जावे लागेल. १९७३ च्या नोव्हेंबरात याच म्हैसुरात बी. बसवलिंगप्पा नावाच्या मंत्र्यांनी एका कार्यक्रमात सांगितले की कन्नड साहित्यातले बरेचसे 'बूसा' आहे. बूसा म्हणजे गुरांना घालतात तो भुसा. बसवलिंगप्पा स्वतः दलित. राज्यभर गदारोळ झाला, विद्यार्थी रस्त्यावर आले, दलित वसतिगृहांवर हल्ले झाले, मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पण त्या गदारोळातून दलित तरुण लेखक एकत्र आले आणि दलित संघर्ष समितीची चळवळ उभी राहिली. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ ला, दलित पँथर निघाली होती. दोन्हीकडे कविता आणि मोर्चा एकाच घरातून बाहेर पडले. म्हैसूरचे देवनूर महादेव हे त्याच पिढीचे. नंजनगूड तालुक्यातल्या देवनूर गावचे. 'कुसुमबाले' या त्यांच्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१५ साली देशातल्या असहिष्णुतेच्या निषेधार्थ हे दोन्ही सन्मान त्यांनी परत केले. लिहिले फार थोडे, चळवळीत फिरले फार. आपल्या दलित साहित्यातल्या मंडळींनी त्यांच्याविषयी वेगळा वर्ग घ्यावा. मी इथे नुसते नाव घेऊन पुढे जातो.

मग आली आणीबाणी. रेल्वेच्या लोकांना त्याआधीचे वर्ष सांगायला नको. ८ मे १९७४ पासून वीस दिवस, सतरा लाख कामगार. पाठोपाठ बडतर्फी, क्वार्टरमधून बाहेर काढणे, ब्रेक इन सर्व्हिस. त्या संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस आणीबाणीत भूमिगत झाले. त्यांच्याशी असलेल्या संबंधांवरून बंगळूरच्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना अटक झाली. 'संस्कार' या गाजलेल्या कन्नड चित्रपटात त्यांनी काम केले होते, नाटकेही बसवली होती. त्यांना दम्याचा विकार होता. बंगळूरच्या तुरुंगात महिनोन् महिने ठेवल्यावर जानेवारी १९७७ मध्ये त्यांना सोडले आणि सुटल्यावर काही दिवसांतच त्या गेल्या. आपण संपातल्या हुतात्म्यांची नावे घेतो, तेव्हा हे नाव घेतो का? मी तरी माझ्या शाखेत कधी ऐकले नाही.

त्याच काळात, १९७५ साली, कर्नाटकात 'समुदाय' ही नाट्यसंस्था सुरू झाली. तिच्या स्थापनेत प्रसन्नांचा पुढाकार होता. हा मुलगा कानपूरच्या आय.आय.टी.त संशोधन करत होता. ते सोडून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेला आणि तिथून कर्नाटकात परतला. तुमच्या-माझ्या घरात असे कोणी केले असते तर बापाने काय केले असते ते सांगत नाही.

'समुदाय'ने नाटक रंगमंदिराबाहेर काढले. कारखान्यांची फाटके, वसाहती, खेड्यातले चौक. मे १९७७ मध्ये बिहारातल्या बेलछी गावात अकरा माणसांना ठार मारून जाळण्यात आले. त्यांतले बहुतेक दलित होते. त्यावर सी. जी. कृष्णस्वामी यांनी बसवलेले 'बेलछी' हे पथनाट्य 'समुदाय'च्या पथकांनी कर्नाटकभर केले. १९७९ मध्ये सांस्कृतिक जथा काढला. गावोगाव नाटक, गाणी, पोस्टर. प्रसन्नांनी ब्रेख्तची 'आई' आणि 'गॅलिलिओ' कन्नडमध्ये बसवली. 'आई' हे मूळ गॉर्कीच्या कादंबरीवरचे, संपातल्या कामगाराच्या आईचे नाटक. दिल्लीकडे याच वेळी सफदर हाशमी आणि त्यांचे जन नाट्य मंच हेच करत होते. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादच्या कामगार वस्तीत पथनाट्य चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला. सफदर गेले, राम बहादूर नावाचा एक कामगारही मारला गेला. तिसऱ्याच दिवशी त्यांच्या पत्नी मलयश्री यांनी त्याच जागी जाऊन ते अर्धवट राहिलेले नाटक पुरे केले.

इथवरची गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटेल. कलावंत कामगाराच्या दारी गेला, नाटक केले, टाळ्या पडल्या, काहींनी लाठ्या खाल्ल्या. पण प्रसन्नांची गोष्ट इथून वेगळी होते, आणि मला ती इथूनच सांगायची आहे.

नाटक संपते, पथक ट्रकमध्ये बसते आणि पुढच्या गावाला जाते. ज्या बाईने समोर बसून नाटक पाहिले ती मागे राहते. दुसऱ्या दिवशी तिची मजुरी तीच, सावकार तोच. मी स्वतः आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होतो, आणि आमच्या शाखेचे एक छोटे कलापथक होते. आम्ही द्वारसभेत पोवाडे म्हणायचो. एकदा एका हमाल बांधवाने कार्यक्रमानंतर मला विचारले, "भाऊ, गाणं झ्याक झालं. आता आमच्या मजुरीचं काय?" तो कंत्राटदाराचा हमाल, आमचा सभासद नव्हता. मी म्हणालो, वरती विषय मांडू. विषय वर गेला आणि वरच राहिला. आमचे कलापथक पुढे दोन बदल्या आणि एका बढतीत बंद पडले. हमालाचा प्रश्न कशाने बंद पडला ते मला माहीत नाही.

प्रसन्ना शहर सोडून शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू इथे जाऊन राहिले. हे गाव नाटकवाल्यांना माहीत आहे. के. व्ही. सुब्बण्णा यांनी १९४९ साली तिथे 'नीनासम' ही संस्था सुरू केली आणि एका खेड्यात नाटकाचे विद्यापीठच उभे केले. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे प्रसन्नांना तिथे नुसते नाटक करत बसता आले असते, मानसन्मानही मिळाला असता. त्यांनी शेजारच्या भीमनकोणे गावात १९९० च्या दशकात बायकांची हातमागाची सहकारी संस्था काढली. नाव 'चरका'. म्हैसूर-ताळगुप्पा गाडीने सागर जांबगारू स्थानकावर उतरलात की तिथून हा भाग जवळ आहे. डोंगराळ मुलूख, पाऊस भरपूर, सुपारीच्या बागा. बागा मालकांच्या आणि मजुरी बायकांची.

या संस्थेत काय होते ते नीट सांगतो, कारण यात कविता काही नाही, काम आहे. सुताच्या लड्या येतात. त्या रंगवायच्या. रंग रासायनिक नाही. मलनाडात सुपारी उकळतात तेव्हा जे गडद तांबडे पाणी उरते, ज्याला तिकडे चोगरू म्हणतात, ते रंगाला वापरायचे. आमच्या कोकणातल्या मंडळींच्या लक्षात येईल. इतकी वर्षे आपण हे पाणी पाहत आलो आणि धोतराला डाग पडतो एवढेच आपल्याला ठाऊक. त्याशिवाय डाळिंबाची साल, नीळ. मग कांड्या भरायच्या, ताणा लावायचा, मागावर बसायचे. मग कापड कापायचे, शिवायचे, कुर्ते, झबले, पिशव्या करायच्या. रंगारी, विणकर, शिंपी सगळ्या खेड्यातल्या बाया, त्याच सभासद. माल विकायला बंगळूर आणि इतरत्र 'देसी' नावाची दुकाने. मधला व्यापारी नाही.

मी सोलापूरचा. आमच्या पूर्व भागात घराघरांत माग होते, पहाटे धोट्याच्या आवाजाने आम्ही उठायचो. नंतर यंत्रमाग आले, आवाज वाढला, घरे गेली, शेड आल्या. म्हणून मला ठाऊक आहे की माग लावणे ही एक गोष्ट आणि त्यावर विणलेल्याचे दर शनिवारी पैसे चुकते करणे ही अगदी दुसरी गोष्ट. नाटकातली आई स्टेजवर रडते, पडदा पडतो. संस्थेतल्या बाईचे हप्ते थकले तर ती दारात येऊन उभी राहते आणि पडदा पाडता येत नाही. मजुरीचे रजिस्टर, बँकेचे कर्ज, सुताचा भाव, न खपलेला माल, वार्षिक सर्वसाधारण सभा. दिग्दर्शकाने हे सगळे अंगावर घेतले. आणि नाटक सोडले नाही, हे विशेष. म्हैसूरच्या 'रंगायन'चे संचालकपद त्यांनी काही काळ सांभाळले. बी. व्ही. कारंत यांनी १९८९ साली घडवलेले हे सरकारी नाट्यमंडळ इथल्या कलामंदिराच्या आवारात आहे. पुढे याच शहरात त्यांनी शाळेतल्या मुलांना आणि शिक्षकांना नाटकातून शिकवण्याची संस्था चालवली. नटाने काम कसे करावे यावर इंग्रजीत जाडजूड पुस्तक लिहिले. म्हणजे चळवळीत पडला म्हणून कलेत कच्चा राहिला, असे या माणसाबद्दल कोणाला म्हणता येणार नाही. आपल्याकडे हे वारंवार म्हटले जाते आणि काही वेळा ते खरेही असते.

आता बदनवाळूची गोष्ट. म्हैसूरहून चामराजनगरच्या दिशेने निघालात की नंजनगूड लागते, श्रीकंठेश्वराचे देऊळ आणि रसबाळे केळी यांसाठी प्रसिद्ध. त्याच्या पुढे बदनवाळू. १९२७ साली म्हैसूर संस्थानाने इथे खादी केंद्र सुरू केले. त्याच वर्षी गांधीजी संस्थानात मुक्कामाला होते. बदनवाळूची खादी एके काळी नावाजलेली होती. पुढे देशभरच्या खादी केंद्रांचे जे झाले तेच इथे झाले. छपरे गळू लागली, चरखे कोपऱ्यात गेले.

पण कर्नाटकात बदनवाळू हे नाव आणखी एका कारणाने माहीत आहे. १९९३ च्या मार्चमध्ये, देवळात जाण्यावरून झालेल्या वादानंतर, या गावच्या तीन दलितांची हत्या झाली. ज्या गावात गांधींच्या नावाने सूत कातले गेले त्याच गावात. आमच्याकडचे काही खादीवाले ही गोष्ट सांगताना घसा खाकरून विषय बदलतात. तो बदलू नये. खेडे म्हणजे साधे, सरळ, समाधानी जीवन असे ज्यांना वाटते त्यांना बदनवाळूच्या दलित वस्तीत नेऊन बसवले पाहिजे.

२०१५ साली प्रसन्नांनी याच गावातल्या त्या मोडकळीला आलेल्या केंद्रात मुक्काम ठोकला. त्याला बदनवाळू सत्याग्रह म्हणतात. मागणी कोणाकडे होती? सरकारकडे होती, आणि आपल्यासारख्या शहरातल्या खाऊन-पिऊन सुखी लोकांकडेही होती. हाताने केलेली वस्तू वापरा, हाताने करणाऱ्याला जगू द्या. १९ एप्रिल २०१५ रोजी तिथे देशभरातली माणसे जमली. लेखक होते, शेतकरी होते, विणकर होते, नाटकवाले होते. कामगार संघटनांचे झेंडे तिथे किती होते, हा प्रश्न मी इथल्या कन्नड सहकाऱ्यांना विचारला. ते हसले.

का नव्हते, याचे उत्तर मी देऊन पाहतो. प्रसन्नांचे एक पुस्तक आहे, 'यंत्रगळन्नु कळचोण बन्नी'. अर्थ साधारण असा की चला, यंत्रे उतरवून ठेवू या, सुटी करू या. हे नाव मी अशोकपुरमच्या एका फिटर मित्राला सांगितले. तो म्हणाला, "आम्ही रोज तेच करतो. डबा पीओएचला आला की सुटा करतो. फक्त संध्याकाळपर्यंत परत जोडावा लागतो." यात थट्टा आहे आणि खरा मुद्दाही आहे. आपण यंत्रावर जगणारी माणसे. रेल्वे म्हणजे या देशातले सगळ्यांत मोठे यंत्र. ज्या दलित पोराच्या बापाला गावात विहिरीवर पाणी मिळत नव्हते तो पोरगा रेल्वेत खलाशी झाला, फिटर झाला, सुपरवायझर झाला. अशोकपुरमला जाऊन विचारा. त्याला परत खेड्यात चरख्यावर बसायला कोणी सांगितले तर तो विचारील, कोणाच्या अंगणात बसू? पोस्टातल्या आमच्या पिढीने एका पत्राच्या तिकिटावर भारतभर माणसे जोडली. तेही यंत्राच्या जोरावर. हा माझा त्यांच्याशी मतभेद आहे आणि तो किरकोळ नाही.

दुसरा मतभेद उपोषणाचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. तोवर करातून सुटलेल्या हातमागाच्या सुती कापडावर ५ टक्के कर बसला, हाताने केलेल्या इतर वस्तूंवर त्याहून जास्त. प्रसन्ना आणि त्यांची ग्राम सेवा संघ ही संघटना यांनी कर नाकारण्याचा सत्याग्रह जाहीर केला आणि ऑक्टोबरमध्ये बंगळूरला प्रसन्ना उपोषणाला बसले. मागणी चोख होती. हाताने केलेल्या वस्तूवर शून्य कर. १९८५ साली संसदेने कायदा करून २२ प्रकारचे कापड फक्त हातमागासाठी राखून ठेवले होते, पुढे त्यातले ११ च उरले. राखलेल्या ११ वरही यंत्रमाग सर्रास चालतो. इचलकरंजी-मालेगावच्या यंत्रमाग कामगार बांधवांना दोष देत नाही, तेही पोटासाठीच बारा-बारा तास उभे असतात. पण ज्याला राखीव म्हणतात ते राखले नाही आणि वर कर लावला, हे अन्यायाचेच झाले. तरीसुद्धा एका माणसाने उपाशी बसायचे आणि सगळ्यांनी त्याची प्रकृती विचारायची, हा आपला रस्ता नाही. आपला रस्ता सगळ्यांनी मिळून काम थांबवायचा आहे.

असे मी एकदा एका बैठकीत ठणकावून बोललो. तेव्हा मागून एक बाई उठल्या, टपाल खात्यातल्याच, आणि म्हणाल्या, "दादा, मागावरच्या बाईने काम थांबवले तर कोणाचे अडते?" मी गप्प बसलो. आपली गाडी थांबली की मंत्री जागा होतो. तिचा माग थांबला की तिचीच चूल थांबते. हातमागाच्या २०१९-२० च्या गणनेत देशात विणकर आणि त्यांना मदत करणारे मिळून ३५ लाखांवर माणसे निघाली, विणणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्याच्या दहा वर्षे आधीच्या गणनेत हीच संख्या ४३ लाखांवर होती. रेल्वेत आपण सगळे मिळून बारा लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या जवळजवळ तिप्पट संख्या, आणि संपाचे हत्यार नाही. अशा माणसांच्या वतीने एका नाटकवाल्याने आपले शरीर पणाला लावले, त्याला मी कुठल्या तोंडाने रस्ता चुकला म्हणू? मतभेद कायम ठेवून मी एवढेच म्हणतो की आपण त्या मंडपात जाऊन बसलो असतो, तर उपोषणाची वेळ कदाचित आली नसती.

हे आपल्या अगदी घरचे प्रकरण आहे. २००४ साली लालूप्रसाद रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी स्टेशनवर मातीचे कुल्हड आणले. तेव्हा आपणच हसलो होतो. फलाटावर खापऱ्यांचा कचरा होतो, म्हणून तक्रारी केल्या. कुंभारांना किती भाव मिळाला, माल वेळेवर का आला नाही, मधले कोण खाऊन गेले, यावर एका तरी शाखेने पत्र लिहिले का? काही वर्षांत कागदी पेले परत आले आणि कोणाला काही वाटले नाही. पोस्टमन बांधव आणि भगिनींसाठी जानेवारी २०१८ मध्ये खादीचा नवा गणवेश जाहीर झाला. आपली चर्चा काय झाली? भत्ता किती आणि कापड आटते का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, घाम आपल्याच अंगाचा आहे. पण ते कापड कोणी विणले, तिला वारामागे काय मिळाले, हा प्रश्नही पगारदार कामगाराने विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा?

आता 'चरका'चे पुढे काय झाले ते सांगायला हवे, नाहीतर तुम्ही म्हणाल की बुवाने कीर्तन केले आणि उत्तररंग गाळला. २०२० साली, टाळेबंदीच्या वर्षात, आपण मोठ्या आर्थिक संकटात असल्याचे संस्थेने जाहीर केले. माल पडून, पैसा अडकलेला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ ला, प्रसन्नांनी बंगळूरला 'पवित्र अर्थव्यवस्थे'साठी पुन्हा सत्याग्रह केला होता. म्हणजे ज्या उद्योगात माणसाचा आणि निसर्गाचा बळी जात नाही त्याला आधी मदत करा, अशी मागणी. 'पवित्र' हा शब्द मला खटकतो, आपल्या चळवळीने पवित्र-अपवित्राचा हिशेब पुष्कळ सोसला आहे. पण एक गोष्ट पाहा. संस्था अडचणीत आली ती त्यांनी लपवली नाही. चव्हाट्यावर येऊन सांगितले की हिशेब जुळत नाही, या आणि मदत करा. आपल्या किती पतपेढ्यांनी असे केले? काही ठिकाणी तर सभासदांना कुलूप पाहूनच कळले. नावे घेत नाही, तुमच्या मनात आलीच असतील.

काही तरुण सहकारी मला म्हणतात, की मग कलावंताने हिशेबाच्या वह्या लिहायच्या का? त्याने गाणे लिहावे, वह्यांना कारकून आहेत. मला ते अर्धे पटते. अमर शेखांना कोणी जमाखर्च लिहायला बसवले नसते आणि बसवू नये. पण अमर शेख ज्यांच्यासाठी गात त्यांची मजुरी त्यांना ठाऊक होती, पैशापर्यंत ठाऊक होती. म्हणून त्यांचा आवाज लागला की गिरणगाव उठायचे. आज आमच्या अधिवेशनात गाणाऱ्याला रात्री एकच्या ड्युटीवर झोपमोड करून येणारा पॉइंट्समन माहीत नसतो, ग्रामीण डाक सेवकाला किती तासांचे पैसे मिळतात हे माहीत नसते. आणि आपणही त्याला सांगत नाही. त्याला फक्त वेळ सांगतो, साडेसात ते नऊ.

माझी सूचना अगदी लहान आहे, ठराव करण्याइतकीही नाही. प्रत्येक शाखेत नाटक करणारा, लिहिणारा, चित्र काढणारा एक तरी माणूस असतो. बहुधा तो द्वारसभेच्या फलकावर खडूने अक्षरे काढतो. त्याला कार्यकारिणीत घ्या. कार्यक्रम समितीत नको, कार्यकारिणीत. तक्रार निवारणाला न्या, कंत्राटी सफाई कामगारांची यादी करायला न्या, गणवेशाच्या कापडाची चौकशी करायला मागाच्या गावी पाठवा. मग त्याला काय लिहायचे ते लिहू द्या. त्याने आपल्यावरच टीका लिहिली तर ती याच मासिकात छापा. आमच्या त्या कलापथकाने एकदा शाखेच्या पदाधिकाऱ्यांवर वग लिहिला होता. तो कधीच झाला नाही, तालमीतच थांबवला. थांबवणाऱ्यांत मीही होतो. तो वग आमच्याकडचा सगळ्यांत चांगला होता.

माझी वेळ संपली, अध्यक्ष घड्याळाकडे पाहताहेत. उद्याचे तेवढे सांगतो. राजवाडा दुपारीही उघडा असतो, तो चुकत नाही. इथल्या दोन कन्नड सहकाऱ्यांबरोबर आम्ही काही जण सकाळी चामराजनगरच्या गाडीने नंजनगूडला उतरून पुढे बदनवाळूला जाणार आहोत. खादी केंद्राची जागा पाहायची आहे आणि दलित वस्तीतही जाऊन बसायचे आहे. आधी तिथे जाऊ, मग केंद्रावर. नंजनगूडला केळी घेऊ. ज्यांना यायचे असेल त्यांनी जेवणानंतर दारापाशी नाव द्यावे. पास चालेल, पण पोस्टवाल्यांचे तिकीट काढायचे आहे, म्हणून आकडा आजच हवा.